गुलाबबाईंच्या पाठाचा अर्थ

सिद्धी जुन्नरच्या एका शाळेत संस्कृत शिकवायची. २००१ साली तिला जर्मनीत वर्षभर प्राकृत शिकायला शिष्यवृत्ती मिळाली. पण मुलगी चार वर्षांची, म्हणून तिने नकाराचं पत्र लिहिलं. सासूबाईंनी, गुलाबबाईंनी, ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"पोरीला मी बघते. पन्नास वर्षं रोज सकाळी आपला जैनांचा प्राकृत पाठ म्हणते, पण अर्थ कधी कळला न्हाई. तू शिकून ये."

दर रविवारी सिद्धीचा फोन यायचा. लेकीशी बोलून झालं की गुलाबबाई एक ओळ म्हणायच्या आणि सिद्धी तिचा अर्थ सांगायची.

"आई, यात चालताना पायाखाली आलेल्या बियांची, गवताची, दवाची माफी मागितलीय."

"दवाची पण?" गुलाबबाई म्हणाल्या. "आणि मी आपली भराभरा म्हणून उरकत व्हते गं!"

हे त्यांनी देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला आलेल्या बायकांना सांगितलं. पुढच्या रविवारी चौघीजणी आपापली ओळ घेऊन फोनजवळ येऊन बसल्या.

सिद्धी परत आली तेव्हा गुलाबबाईंचा पाठ संपायला दुप्पट वेळ लागत होता. त्यांच्या हातचा सकाळचा चहा उशिरा मिळायचा, पण घरात कुणी कुरकुरत नव्हतं.