आप्पांची बारी

सुकलाल आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतेत पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षाची वाट पाहत उभा होतो. त्यांचा मोठा मुलगा प्रकाश एवढंच म्हणाला, "काका, आप्पा सकाळी चहा पिऊन आडवे झाले... उठलेच नाहीत." मी फोन खिशात टाकला आणि, लिहायला लाज वाटते, मला आधी हसू आलं. दहा-बारा दिवसांपूर्वीच मी डिंडोलीला त्यांना भेटून आलो होतो. निघताना ऐंशीच्या घरातला तो माणूस मला दरवाज्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "गुलाब, मनी बारी जवळ ऊनी. तू मधमा घुसू नको." बारी म्हणजे आपला नंबर. हा शब्द आप्पांनी आयुष्यभर वापरला आणि जातानाही सोडला नाही. रिक्षात बसल्यावर मात्र मला रडू फुटलं. रिक्षावाला आरशातून बघत राहिला.

आप्पांची आणि माझी गाठ नव्वदच्या दशकातली. आम्ही दोघंही यंत्रमागावरचे कारागीर. कारखान्याला सगळे 'खातं' म्हणायचे. आमच्या खात्यात नऊ कारागीर होते. आप्पा सगळ्यांत जुने आणि मी सगळ्यांत नवा, जेमतेम वर्ष झालेला. डिंडोलीत एक खोली, लग्न होऊन दीड वर्ष, मंगलला पाचवा महिना. अशात होळीनंतर कापडाला मंदी आली. शेठने एक दिवस सगळ्यांना दारापाशी बोलावलं आणि सांगितलं की माग थोडे दिवस कमी चालतील, तीन जणांना घरी बसावं लागेल. कोण ते त्याच्या मनात ठरलेलंच होतं. "जे छेल्लो आव्यो ए पहेलो जाय," तो म्हणाला. शेवटी आला तो आधी जाणार, म्हणजे पहिलं नाव माझं. बोलावतील तेव्हा परत यायचं. पण कधी बोलावतील ते कोणीच सांगत नव्हतं. तोपर्यंत खोली सोडून गावी जाणं, भावाच्या घरी पाहुण्यासारखं राहणं, आणि मंगलचं बाळंतपण कोणाच्या भरवशावर? तिच्या माहेरी आई उरली नव्हती आणि माझी आई अंथरुणावर होती. 

तेव्हा आप्पा बोलले. ते पांझरेकाठचे. त्यांच्या गावी बंधाऱ्याचं पाणी पाटाने शेतांना जायचं आणि कोणाला केव्हा द्यायचं ते ठरवणारा पाटकरी असायचा. आप्पांचे वडील पाटकरी होते. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांचीच भिजवण थोडी थोडी कमी व्हायची, पण पाटाच्या शेवटी शेत आहे म्हणून कोणाचं कोरडं राहायचं नाही. आप्पा आमच्याकडे वळून म्हणाले, "पानी कमी ऱ्हायनं म्हनीसन शेवटलं वावर कोरडं ठेवतस का?" शेठला यातलं काही कळलं नाही. मग त्यांनी आपल्या मोडक्या गुजरातीत त्याला समजावलं, की दर आठवड्याला तीन जण बसतील, तीन आठवड्यांनी पुन्हा तेच तीन. शेठचं म्हणणं, एकाचा माग दुसऱ्याच्या हातात गेला की कापड बिघडणार. "बगडे तो मने कायम बेसाडजो," आप्पा म्हणाले, म्हणजे बिघडलं तर मला कायमचं घरी बसवा. शेठ हसला, पण नाही म्हणाला नाही.

खरी कुरकुर आमच्यातूनच निघाली. तापीरामदादा म्हणून एक कारागीर होते, आप्पांच्या खालोखाल जुने, तोंडाने तिखट. त्यांचा सवाल होता की बारा वर्षं इथे घासली ती काल आलेल्या पोरासाठी घरी बसायला का? आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. आज मी त्या वयाचा होऊन गेलोय म्हणून मला ते कळतं. तेव्हा मला ते फक्त राक्षस वाटायचे. आप्पांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी म्हणाले, "पहिली बारी मनी." सगळ्यांत जुना माणूसच पहिला घरी बसतोय म्हटल्यावर तापीरामदादा पुटपुटत आपल्या मागाकडे वळले.

आप्पांनी दाराजवळच्या भिंतीत नऊ खिळे ठोकले. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात आडव्या धाग्याची कांडी बसवतात, तशा नऊ रिकाम्या लाकडी कांड्या घेतल्या, प्रत्येकीवर निळ्या पेन्सिलीने एकेक नाव लिहिलं आणि रांगेने अडकवल्या. पहिल्या तीन घरी बसणाऱ्यांच्या. दर सोमवारी आप्पा त्या तीन काढून रांगेच्या शेवटी नेत. पहिल्या आठवड्यात ते, मी आणि आणखी एक जण बसलो. दुसऱ्या सोमवारी येऊन बघतो तर कांड्या आठच. तापीरामदादांची गायब, आणि बारी नेमकी त्यांची. ते हाताची घडी घालून उभे. "खिळ्यावर मी नाही, तर बारी कसली?"  "कांड्या सांभाळायचं काम माझं होतं," आप्पा म्हणाले, "तेव्हा चूक माझी." आणि आपली बारी नुकतीच संपवून आलेला तो माणूस पिशवी उचलून पुन्हा घरी बसायला गेला. मला तेव्हा तापीरामदादांचा गळा धरावासा वाटला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मागावरची एक कांडी संपली. काढून बघतो तर लाकडावर निळ्या अक्षरात 'तापीराम'. झाडताना ती खिळ्यावरून रिकाम्या कांड्यांच्या टोपलीत पडली होती, कांड्या भरणाऱ्या सरूबाईंनी तिच्यावर सूत भरलं होतं, आणि तापीरामदादा इतका वेळ माझ्या मागावर इकडून तिकडे पळत होते. मी कांडी उंच धरून दाखवली. माग चालू असताना हसणं ऐकू येत नाही, पण नऊपैकी जे हजर होते ते सगळे पोट धरून वाकले होते. तापीरामदादा स्वतःही हसले. मग त्यांनी ती कांडी सदऱ्याला पुसली, आपल्या हाताने खिळ्यावर अडकवली, आप्पांना परत पाठवायला डिंडोलीला गेले आणि उरलेला आठवडा घरी बसले.

असे सहा आठवडे गेले आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्या खानदेशी माणसाला दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, खापरावरचे मांडे आणि आमरस होतो. आता गंमत बघा. ज्या घरी बसण्यावरून एवढं रामायण झालं होतं, त्या आठवड्यात प्रत्येकाला घरीच बसायचं होतं. बारी होती आप्पांची, माझी आणि त्या तिसऱ्याची. तापीरामदादा आप्पांकडे गेले, म्हणाले, तुमची नको, त्या पोराची बारी मला द्या. आप्पांनी हात जोडले. "बारी ज्याची, त्यानेच द्यायची. मला कशी देता येईल?" मग ते माझ्याकडे आले. मागाशी उभे राहून बराच वेळ धागा तपासल्यासारखं केलं. शेवटी म्हणाले, "गुलाब... मनी अंडेर येई ऱ्हायनी, दोन सालमा." लेक दोन वर्षांनी येणार होती. मला गावी आईला भेटायला जायचं होतं. शिवाय मला त्या माणसाला दोन दिवस तरी ताटकळत ठेवायचं होतं, हेही कबूल करतो. पण त्यांचा तो पडलेला आवाज ऐकून मला ते जमलं नाही. मी हो म्हणालो.

आखाजीच्या दिवशी काम सुटल्यावर त्यांच्या घरून बोलावणं आलं, मंगलसकट. दारातल्या निंबाला झोका बांधलेला, त्यावर त्यांची लेक, आणि झोका द्यायला आप्पा. ते गाणीही म्हणत होते, अगदी बेसूर, आणि बायका त्यांना गप्प करत होत्या. तापीरामदादांनी माझ्या ताटात एवढा रस वाढला की मांडा बुडाला. मंगलला त्यांच्या बायकोने झोक्यावर बसू दिलं नाही, पण पाटावर बसवून ओटी भरली. सुरतेत आपलं कोणी नाही असं मी म्हणायचो ते त्या दिवसापासून बंद केलं.

श्रावणात माझी मुलगी झाली. तो आठवडा तापीरामदादांचा होता. मी न मागता त्यांनी आपली कांडी काढली आणि त्या जागी माझी लावली. "तू बठ घर," म्हणाले आणि स्वतः माझ्या मागांवर उभे राहिले. पुढे दिवाळीआधी सगळे माग सुरू झाले. नऊच्या नऊ जण होतो, कोणाला गाव गाठावं लागलं नाही, आणि कापडही बिघडलं नाही. आप्पांनी खिळे उपटले आणि आपली कांडी घरी नेली.

घरी तिचं काय केलं ते डिंडोलीत सगळ्यांना माहीत आहे. स्वयंपाकघराच्या दाराशी आणखी चार कांड्या जोडून त्यांनी दुपारच्या चहाची बारी लावली. दोन मुलगे, दोन सुना आणि ते स्वतः. सुरुवातीला मुलगे खूप कुरकुरले. आप्पांचा चहा म्हणजे आलं ठेचून घातलेलं आणि साखर इतकी की ओठ चिकटायचे. पण त्यांच्या बारीला कोणी घराबाहेर जात नसे.

परवा गेलो होतो. आप्पांना जाऊन महिना होऊन गेला आता. दुपारचे चार वाजले तरी चहाचं नाव नाही. मी थोरल्या सुनेकडे, सुनंदाकडे बघितलं, तर तिने खिळ्यांकडे बोट दाखवलं. "काका, ते गेले त्या दिवशी त्यांचीच बारी होती. तेव्हापासून ती कांडी पुढेच आहे. कोणी काढत नाही आणि कोणी मागेही सरकवत नाही. ज्याला चहा हवा तो बाहेर जाऊन पितो." निळी पेन्सिल पार पुसट झाली होती, पण 'सुकलाल' वाचता येत होतं.

मी उठलो. आलं ठेचलं, साखर त्यांच्या मापाने घातली, उकळू दिला आणि सगळ्यांना कप दिले. एक घोट घेऊन प्रकाशने तोंड वाकडं केलं आणि मग तो हसायला लागला, डोळे पुसत. कप विसळून झाल्यावर मी आप्पांची कांडी खिळ्यावरून काढली आणि रांगेत शेवटी अडकवली. पाचव्या दिवशी ती पुन्हा पुढे येईल. त्या दिवशी दुपारी चारला मी डिंडोलीला असेन, असं सुनंदाला सांगून आलो आहे.