दोघांचा सूर एकट्याच्या छातीवर

दशरथ सोनवणे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि कर्वेनगरातल्या एका गायनवृंदात खर्ज गाऊ लागले. चारशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या चर्चमध्ये गायली जाणारी प्रार्थनागीतं, चार आवाजांची, वाद्याशिवाय. सगळ्यात खालचा सूर तुटला तर वरचे तिन्ही आवाज डळमळतात. म्हणून खर्जातले दोघं आळीपाळीने श्वास घेतात, एक थांबला की दुसरा सूर धरून ठेवतो. सहा वर्षं दशरथराव आणि अभय असेच गायले.

यंदा अभय नोकरीसाठी बंगळूरला गेला. जोडीतला एक बैल गेला की दुसऱ्याच्या मानेचं काय होतं, ते मी गावाकडे पाहिलेलं आहे.

“बाई, मला मोकळं करा,” दशरथराव वृंद चालवणाऱ्या रणभिसेबाईंना म्हणाले. “दम पुरत नाही.”

“जरूर व्हा. बाकीचे वीस जण घरी जातील, एवढंच.”

“दुसरं कोणी बघा ना.”

“अहो, पुण्यात सल्ला देणारे मिळतात. खर्ज लावणारे नाही.”

तेव्हा दशरथरावांनी मनाशी ठरवलं, आज लांब ओळीच्या मध्येच थांबायचं. गाणं कोसळेल, मग बाईच सोडतील.

ओळ आली. छाती जळू लागली. समोर सगळ्यात वरचा आवाज गाणारी चैताली डोळे मिटून, त्यांच्या सुरावर भरवसा टाकून वर वर चढत होती. दशरथरावांचं तोंड मिटेना. सूर शेवटपर्यंत गेला.

“बघा, पुरतो की दम,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी पान उलटलं.