फी कमी करायला गेलो तेव्हा

आमचं घर कराडात. हे फौजेतून निवृत्त झाले त्या वर्षी कर्ज काढून बांधलेलं. कर्ज साताऱ्यातल्या एका खासगी कंपनीचं होतं. हप्ता न चुकता खात्यातून जायचा, त्यामुळे आम्ही कधी त्याच्या वाटेला गेलो नाही. मग एकदा माझा भाऊ सांगलीहून फोनवर बोलता बोलता म्हणाला, की त्यानं त्याचं कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं. त्याचा व्याजदर ऐकून मी आमचा काढून पाहिला, तर आमचा चांगलाच चढलेला होता.

कराडातली एक बँक कमी व्याजानं आमचं कर्ज तिच्याकडे घ्यायला तयार झाली. पण प्रोसेसिंग फी, वकिलाची फी, घराची किंमत ठरवणाऱ्याची फी, असं सगळं धरलं तर वर्षभर वाचणारं व्याज त्यातच जात होतं. मी म्हटलं, बोलून बघू. ह्यांना ते काही पटेना. ठरलेल्या फीत कमी करा म्हणणं म्हणजे हात पसरणं, असं त्यांचं मत.

"बँक म्हंजे काय बाजार हाय व्हय?" म्हणाले.

त्यांचे वडील माण तालुक्यातले, मेंढरांच्या बाजारात दिवस दिवस सौदा करायचे. हे मी मनातच ठेवलं. माझं माहेर सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचं. आमच्याकडे पहिला सांगितलेला दर कुणी शेवटचा धरत नाही.

तरी हे माझ्याबरोबर आले. कर्ज विभागातल्या मुलीनं फी वरूनच ठरते असं सांगितलं. मी म्हटलं, दुसरी एक बँक याहून कमी घेते, मी कालच विचारून आले. ती आत गेली आणि मॅनेजरबाईंना घेऊन आली. बाई साधारण माझ्याच वयाच्या, शिराळ्याच्या. त्यांनी आमच्या हप्त्यांचा उतारा शांतपणे पाहिला. एकही हप्ता चुकलेला नव्हता. प्रोसेसिंग फी पूर्ण सोडते म्हणाल्या, पण बाकीच्या दोन फी बाहेरच्या माणसांना जातात, त्या माझ्या हातात नाहीत. मला ते रास्त वाटलं. मग त्यांनी कर्जासोबत एक विमाही घ्यायला सांगितला. तो घ्यावाच लागतो का, असं मी विचारलं. त्या जराशा हसल्या आणि नाही म्हणाल्या. तो आम्ही घेतला नाही.

एवढा वेळ हे शेजारी ताठ बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते. बाहेर आल्यावर नुसतं "चहा घेऊ या" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वकिलाकडे गेलो. जागेचे जुने व्यवहार तपासायची फी त्यांनी सांगितली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हेच बोलले.

"वकीलसाहेब, घर बांधताना काढलेला सर्च रिपोर्ट हाय माझ्याकडं. तुमाला त्याच्या फुडचंच बघायचं हाय न्हवं? मग फी बी तेवढ्याचीच घ्या की."

बोलताना कान लाल झाले होते. वकिलांनी जुना रिपोर्ट चाळला. मागचंही एकदा नजरेखालून घालावंच लागेल म्हणाले, पण फी बरीच उतरवली. ह्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मीही खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले.

पुढं सगळं सुरळीत झालं. नव्या बँकेनं जुनं कर्ज फेडलं आणि घराची मूळ कागदपत्रं आणायला आम्ही दोघं साताऱ्याला गेलो. काम लवकर उरकलं, म्हणून वाटेत थांबून निवांत जेवलो. कराडला पोचेपर्यंत हे गाडीत गाणं गुणगुणत होते. एरवी ते गुणगुणत नाहीत.

दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा भावानं सहज विचारलं, झालं का कर्जाचं? मी उत्तर द्यायच्या आत हे पुढं सरकून बसले आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. त्यात मॅनेजरबाईंनाही ह्यांनीच पटवलं होतं. भाऊ मन लावून ऐकत होता. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी ताटातली करंजी उचलली आणि ऐकत राहिले. सांगत मात्र छान होते.