एक हजार नऊ शेंगापोळ्या

दोन हजार चोवीस साली जगात कुठेतरी चार कोटी दहा लाख आकडी मूळ संख्या सापडली. आमच्या शेजारचे रुद्रप्पा गुरुजी, निवृत्त गणित शिक्षक, त्या आनंदात पेढे घेऊन गल्लीभर हिंडले. जणू ती त्यांच्याच परसात सापडली होती.

"एवढी अवाढव्य हाय," ते दारोदार सांगत होते, "पण एक आणि ती सोता, ह्या दोघांशिवाय कुणाच्या बापानं भाग जात न्हाय."

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पेढा बरा होता.

गुरुजींचं मूळ संख्यांवरचं हे प्रेम निर्मळ असेल असं समजू नका. त्यांना साखर आहे आणि शेंगापोळीवर त्यांचा जीव आहे. बायको चंद्रव्वा डोळ्यांत तेल घालून राखण करते. म्हणून त्यांनी घरात नियमच काढला: गोड आलं की खाणाऱ्यांना सारखं वाटायचं, उरेल ते आणणाऱ्याचं. मग कधी सात पेढे आणायचे, कधी तेरा जिलब्या. खाणारी तिघं, चंद्रव्वा, मुलगा आणि सून. दर वेळी एक नग उरायचाच. नियम मान्य करून बसलेली चंद्रव्वा नुसती चडफडायची.

गेल्या महिन्यात साखर वाढून गुरुजी जिन्यात कोसळले. घरच्यांचं धाबं दणाणलं. पण पुढे नातीचं बारसं होतं, आणि पाहुण्यांना जाताना द्यायच्या शेंगापोळ्या सांगायला गुरुजीच गेले. पोळ्या करणारी महेश्वरी म्हणाली, "हजार करते की."

"हजाराला कुणीबी भागतंय. एक हजार नऊ कर."

बारशाच्या सकाळी त्यांनी एक स्टीलचा डबा घासून कपाटामागे ठेवला. मी पाहिलं. त्यांनी मला डोळा मारला.

पंगती उठल्या, पाहुणे पांगले. गुरुजी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. टोपल्या रिकाम्या होत्या, तळाशी एक तुकडासुद्धा नव्हता.

"वाटल्यास कशा?" त्यांचा आवाज चिरकला. "भाग जाईलच कसा?"

"एकानं जातो की," चंद्रव्वा भांडी आवरत म्हणाली. "तुमीच गल्लीभर सांगत हिंडला न्हवं? पाव्हन्यांना नारळ दिले. पोळ्या समद्या वसतिगृह चालवनाऱ्या निंगव्वाला दिल्या, तिथल्या पोरींसाठी. घेनारी एकटीच. बाकी शून्य."

गुरुजी डब्यात बघत राहिले. मला हसू आवरेना, पण चंद्रव्वा हसत नव्हती. तिने डबा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"पोळी उरली न्हाय तर चालतंय," ती म्हणाली. "मला तुमी उरायला पायजे."

मग गुरुजींनी घसा खाकरला.

"उत्तर बरोबर हाय," ते म्हणाले. "पायऱ्या दाखवल्या न्हाईत. अर्धा मार्क कापला."