तक्त्यावरच्या खुणा

कपाट आवरताना लेकीच्या व्यायामाचा जुना तक्ता सापडला. सातव्या महिन्यातच जन्मलेली ती. हातपाय ताठ राहू नयेत म्हणून कसबा बावड्याच्या घरी दर आठवड्याला थेरपीवाल्या बाई यायच्या. रोज चार वेळा पोटावर झोपवा, हात मोकळे सोडा, म्हणायच्या. ती किंचाळायची, मला ते ऐकवत नसे. मग मी तिला दुपट्यात घट्ट बांधून झोपवायचे, आणि बाई यायच्या आधी तक्त्यावर आठवड्याच्या खुणा एका दमात करायचे. एकदा तिची मिटलेली डावी मूठ हातात धरून बाई पुटपुटल्या, “तुम्ही एवढं करताय की ताई, माझंच कायतरी चुकतंय.” मी त्यांना चहा दिला. लेक आता सहावीत आहे, उजव्या हातानं डबा धरून झाकण दातानं उघडते. तक्ता मी होता तिथंच ठेवला.