सतरा म्हणजे मावशीची छत्री

उरुग्वेतल्या पायसांदू गावी, माझी आजी राहते त्या वृद्धनिवासात एक बातमी बरीच चघळली जायची. तरुणपणी देल्मिराचं म्हणे रेडिओवरच्या साऊल बेर्रुतीशी जमलं होतं. पुरावा काय, तर दर मंगळवारी ती हाऊजीचे आकडे थेट त्याच्या आवाजात पुकारायची. चाळीस वर्षं घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन करणारा बेर्रुती, अख्ख्या देशाच्या कानातला माणूस. त्याच्यासारखाच तीही "आआआणि"वर श्वास कोंडायची, की समोरच्यांची बोटं तिकिटांवर अधांतरी राहायची.

साफ खोटं. तिनं बेर्रुतीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तो सूर तिच्या आईचा. स्वतः देल्मिरा चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत बसली. तिथं "हॅलो"सुद्धा लांबवायची सोय नव्हती. ती हौस आता एक्क्याऐंशीव्या वर्षी हाऊजीवर भागत होती.

आमच्याकडे प्रत्येक आकड्याला टोपणनाव असतं. बावीस म्हणजे वेडा, पंधरा म्हणजे सुंदर पोरगी, सतरा म्हणजे आपत्ती. पण सतरा निघाला की देल्मिरा ओरडायची, "मावशीची छत्री!"

"अगं, आपत्ती म्हण की!" शेजारच्या खोलीतली माझी आजी ओतिलिया दर वेळी वैतागायची. "सगळा देश म्हणतो!"

"देशाला माझी मावशी कुठं माहीत आहे?"

या मावशीनं, एर्नेस्तीनानं, एकदा सतराचा आकडा लावला आणि चिठ्ठी सांभाळून छत्रीत खोचली. सतरा लागला! त्या आनंदात भर पावसात मावशीनं छत्री उघडली, आणि चिठ्ठीचा लगदा होऊन गटारात गेला. पुढे मावशीच्याच बाळाच्या बाप्तिस्म्याला देल्मिराच्या आईनं हा किस्सा साभिनय सांगितला. पाहुणे हसून हसून लोळले. मावशीनं मात्र बाळ उचललं, मोन्तेविदेओची बस धरली, ती कायमचीच. साधं पत्रही कधी आलं नाही. पाच वर्षांच्या देल्मिराला तेव्हाची एकच गोष्ट नीट आठवत होती. ती स्वतः सगळ्यांत मोठ्यानं हसली होती.

आता तिचं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. खोलीतल्या पाहुण्यांच्या खुर्चीवर मोजे वाळत पडायचे.

एका रविवारी मीही आजीकडे आले होते, आणि बेर्रुती रेडिओवर जुन्या आठवणी सांगत होता. मध्येच श्रोत्यांच्या बक्षिसाचा आकडा निघाला. "आआआणि सतरा! आमच्या घरी याला आईची छत्री म्हणायचे बरं का! का म्हणायचे, ते आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही."

देल्मिराच्या हातातलं 'माते' या कडू हिरव्या चहाचं भांडं गादीवर कलंडलं. ओला पाला चादरभर. तिकडे न बघता ती म्हणाली, "ओतिलिया, तो बाळ बोलतोय."

"कुठला बाळ?"

"बसमधून गेला तो. माझा मावसभाऊ!"

ती व्हरांड्यातल्या फोनपाशी गेली खरी, पण पुन्हा पुन्हा रिसीव्हर खाली ठेवू लागली. हाच किस्सा सांगून आईनं बहीण घालवली होती. तोच आपण सांगितला, आणि हासुद्धा गेला तर? शेवटी आजीनंच कार्यक्रमाचा नंबर फिरवून तिच्या हातात फोन कोंबला. निवासातल्या एकूण एक रेडिओतून देल्मिराचा आवाज घुमला.

"साऊल, तुझी आई एर्नेस्तीना. माझी आई तिची बहीण." मग तिनं सगळं सांगितलं, न हसता. शेवटी म्हणाली, "तेव्हा आम्ही हसलो, ते चुकलं. आईच्या वतीनंही सांगते."

रेडिओ गप्प. चाळीस वर्षांत न अडखळलेला माणूस गप्प! मग साबणाची जाहिरात लागली.

"झालं," आजी म्हणाली, "गेला तुझा भाऊ गटारातून वाहून."

"येईल."

"त्याची सही केलेला फोटो येईल, देल्मिराबाई," मी म्हणाले. लागली पैज. हरणाऱ्यानं चार गुरुवार आपला फ्लान जिंकणाऱ्याला द्यायचा. गुरुवार हा एरवी मी आजीला भेटायला यायचा दिवस. दूध-अंड्याचा तो थरथरणारा गोड पदार्थ स्वयंपाकीण माझ्यासाठी न विसरता काढून ठेवते.

पहिला गुरुवार माझा कोरडा गेला नाही. दुसऱ्या गुरुवारी दुपारी फाटकाशी एक बुटका म्हातारा उभा राहिला. तोंड उघडेपर्यंत कोणी ढुंकूनही बघितलं नाही. "आआआणि देल्मिरा कोण?" म्हणताच वामकुक्षीतले अकरा जण एकदम उठून बसले.

"छत्रीची मूठ बदकाच्या तोंडाची होती ना?" देल्मिरानं दारातूनच विचारलं.

"अजून आहे माझ्या कपाटात! पावसात नेली की आई ओरडायची. मला वाटायचं, किती महागाची आहे कुणास ठाऊक!" आणि तो असा हसला की काठी खाली पडली. त्याचं बघून तीही हसली. छिहत्तर वर्षांनी, तितक्याच मोठ्यानं.

तिनं खुर्चीवरचे मोजे खिडकीतून बाहेर भिरकावले आणि त्याला बसवलं. मग माझ्या हातातली फ्लानची बशी अलगद काढून घेतली. मी चमचासुद्धा बुडवला नव्हता.

"खा रे साऊल," ती म्हणाली. "अजून तीन गुरुवारांची सोय आहे."