पत्ता कुणी दिला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगताना स्वतःचाच असा संताप येतो की — असो, ऐका.

एक लेखिका होती. टोपणनावानं लिहायची. फोटो नाही, भाषण नाही, सत्कार तर नाहीच. खरं नाव फक्त तिच्या प्रकाशकबाईंना ठाऊक. बाईंनी पुस्तकातच छापलं होतं — लेखिकेला शोधू नये. म्हसावदच्या घरी तिच्या गोष्टी वाचून मी एकटा रडलोय हो. मग तेवढं पुरत नव्हतं का मला?

नाही पुरलं! एका गोष्टीत सासऱ्याचा झोपाळा होता — एक कडी तुटलेली, तिथे ट्रॅक्टरचा जुना पट्टा बांधलेला. वाचलं आणि ताडकन उठलो. त्या झोपाळ्यावर मी बसलो होतो, प्रकाशा गावाला केळीची रोपं बघायला गेलो तेव्हा. डोक्यावरचा पदर न ढळू देता चहा ठेवून गेलेली ती सून — तीच ही!

गप्प बसायचं ना? छे! आमच्याकडे माणूस आवडला की शाल-नारळ घेऊन दारात उभं राहायचं, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. वाचक मंडळाच्या दोन गाड्या भरून नेल्या मी. तिनं घरी सांगितलेलं नसणार, हे कळत होतं. कळत होतं — तरी गेलो.

सासरे म्हणाले, "सत्कार? आमनी सूननी काय करं?" आणि मी मूर्खानं तीच गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवली, जिच्यात सून झोपाळ्याखालची फरशी पुसता पुसता सासऱ्याच्या मरणाची वाट बघते. त्यांच्यासमोर!

ती दारात उभी होती. म्हणाली, "भाऊ, पुस्तकमा तुमले काय कमी पडनं?" मग विचारलं, पत्ता कुणी दिला.

मी म्हणालो — प्रकाशकबाईंनी.

का? चारचौघांत चोर ठरायचं नव्हतं, म्हणून. भेकड साला! तिला ते खरं वाटलं. बाईंशी तिनं कायमचं तोडलं, लिहिणंही सोडलं. मंडळाची पुस्तकं मी बाईंकडूनच मागवायचो. त्या फोनवर रडायच्या — "मी कुणाला बोलले नाही हो, मग फुटलं कसं?" मी म्हणायचो, "जाऊ द्या ताई, होतं असं."

परवा बाई गेल्या. आपल्याच तोंडून कधीतरी निसटलं असेल, असं त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. काहीच निसटलं नव्हतं. खोटं मी बोललो होतो.